रक्त आमचे, प्रयोगशाळा कुणाची?

१९५८ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात शुक्ला आणि सोळंकी या दोन डॉक्टरांचा एक निबंध छापून आला. मध्य भारतातील लोकांच्या रक्तात सिकलसेलचा दोष आहे, असे त्यात नोंदवले होते. हा दोष ज्यांच्यात आढळला त्यांत नागपूर भागातील महार समाज होता. दीक्षाभूमीवरील धम्मदीक्षेला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. ज्या माणसांनी नवा मार्ग धरला होता, त्यांच्या रक्ताची गोष्ट लंडनपर्यंत पोहोचली. पण ती सांगणारे आम्ही नव्हतो.

त्याला आता साडेसहा दशके उलटून गेली. आज विदर्भातल्या कोणत्याही बौद्ध वस्तीत जा, ‘सिकल’ हा शब्द आजीबाईंनाही ठाऊक आहे. लग्न ठरवताना आता पत्रिका नको, रक्ताचा रिपोर्ट आणा, असे सांगणारे कार्यकर्ते आमच्याकडे आहेत आणि त्यांचे काम मोलाचे आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते, हे गणित आमच्या भगिनी महिला मंडळात फळ्यावर लिहून समजावतात. नमुने घेणारी गाडी येते, बोटाला सुई टोचते, चिठ्ठी लागते, गाडी जाते. पुढे त्या नमुन्यातून कुणाची पीएच.डी. होते, कुणाचा शोधनिबंध होतो, कुणी त्या बळावर परदेशी जातो. आमचे काय होते? आम्ही नमुना होतो.

आम्ही कायद्याचे माणूस, विज्ञानाचे नव्हे. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले, कारण पीएच.डी. झालेल्या आमच्या पोरांचे एक कोडे गेल्या काही वर्षांत आमच्या टेबलावर वारंवार येऊन पडते आहे. ‘डॉक्टरेट मिळाली, आता पुढे काय?’ या प्रश्नाला आमच्या समाजात एकच उत्तर आहे: प्राध्यापकाची नोकरी. ती मिळत नाही. आणि दुसरी एक वाट आहे, हे कुणी सांगत नाही.

त्या वाटेचे नाव पोस्ट-डॉक्टरल संशोधन. बोलताना सगळे ‘पोस्ट-डॉक’ म्हणतात. पीएच.डी. झाल्यावर दोन ते पाच वर्षे एखाद्या नामवंत प्रयोगशाळेत पगार किंवा फेलोशिप घेऊन संशोधन करायचे, स्वतःच्या नावाचे शोधनिबंध काढायचे, आणि त्या जोरावर स्वतःची प्रयोगशाळा उभी करायची, असा तो मधला टप्पा आहे. जैववैद्यक आणि संगणकीय विज्ञानात तर या टप्प्याशिवाय पुढचे दार उघडतच नाही. आयसर, टीआयएफआर, पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, खारघरचे अॅक्ट्रेक, हैदराबादचे सीसीएमबी, अशा संस्थांत वैज्ञानिक म्हणून रुजू झालेल्या माणसाची कागदपत्रे पाहा. पीएच.डी. एका ठिकाणची आणि पोस्ट-डॉक दुसऱ्या, बहुधा परदेशातल्या ठिकाणचे, असेच दिसेल. म्हणजे ज्याला आम्ही शेवटची पायरी समजतो, ती तिथे पहिली धरली जाते.

एका तरुणाची हकिकत सांगतो. नाव-गाव सांगत नाही, त्याची तशी इच्छा आहे. तो आमच्याकडे आला तो शिक्षणातील खंडाचे प्रतिज्ञापत्र करून घ्यायला. बायोइन्फॉर्मेटिक्समध्ये पीएच.डी., दोन शोधनिबंध, त्यातल्या एकात पहिले नाव त्याचे. काम काय करतो? तर एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. सुट्टीत मानधन नाही, आणि जे मिळते तेही वर्ष संपल्यावर. कायम जागेसाठी संस्थाचालकाने जो आकडा सांगितला तो आम्ही इथे छापत नाही. वाचकांपैकी ज्यांची पोरे मुलाखतींना जातात त्यांना तो ठाऊक आहे. आम्ही सहज विचारले, “पोस्ट-डॉक का नाही केलं?” तो म्हणाला, “सर, गाईड म्हणाले, तुला नेट-सेट आहे ना, मग कशाला त्या भानगडीत पडतोस.” त्याच गाईडने त्याच वर्षी दुसऱ्या एका विद्यार्थ्यासाठी परदेशातल्या आपल्या मित्राला स्वतः पत्र लिहिले होते. ते त्याला वर्षभराने कळले.

या गोष्टीत गाईडने कुठलाही गुन्हा केलेला नाही, हे आधी लक्षात घ्यावे. अॅट्रॉसिटी कायद्याचे कोणतेही कलम इथे लागणार नाही. त्याने फक्त एकाला सांगितले आणि दुसऱ्याला सांगितले नाही. पोस्ट-डॉकच्या जगात जात अशीच काम करते. तिथे प्रवेश परीक्षा नाही, गुणवत्ता यादी नाही, बहुतेक ठिकाणी जाहिरातसुद्धा नाममात्र असते. प्रयोगशाळेचा प्रमुख माणूस निवडतो. तुम्ही त्याला पत्र पाठवता, तो तुमच्या गाईडला विचारतो, तुमच्या तीन शिफारसपत्रांच्या ओळींमधले वाचतो. ‘मेहनती आहे’ एवढेच लिहिलेले पत्र म्हणजे त्या जगात नकारच असतो, हे आम्हालाही अलीकडेच समजले. ‘स्वतंत्र विचार करतो’, ‘माझ्या दहा वर्षांतल्या सर्वोत्तम विद्यार्थ्यांपैकी एक’ असे लिहिले तर दार उघडते. आता आमच्या पोरांसाठी ‘मेहनती’ हेच विशेषण कुणाच्या लेखणीतून का येते, हे आम्ही वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

लेखी परीक्षेत आम्ही मार खात नाही. तोंडी परीक्षेत खातो. आणि जिथे परीक्षाच नाही, ओळख हीच परीक्षा, तिथे तर विचारूच नका. दिल्लीच्या एम्समध्ये अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी करायला २००६ साली डॉ. सुखदेव थोरात यांची समिती नेमावी लागली होती. हैदराबादच्या रोहित वेमुलाची फेलोशिप २०१५ मध्ये थांबली आणि १७ जानेवारी २०१६ रोजी तो गेला; हा पोरगा मुळात जीवविज्ञानाचा विद्यार्थी होता, विज्ञानावर लिहिणारा लेखक व्हायचे त्याचे स्वप्न होते, हे आम्ही घोषणा देताना विसरून जातो. २०२३ च्या जानेवारीत ‘नेचर’सारख्या नियतकालिकाने भारतीय विज्ञानसंस्थांतील जातीच्या विषमतेवर लेख छापला तेव्हा इथल्या मोठमोठ्या मंडळींना आश्चर्य वाटले. आम्हाला आश्चर्य त्यांच्या आश्चर्याचे वाटले.

आता थोडे कायद्याबद्दल. आमच्या तरुणांचा असा समज असतो की केंद्राची संस्था आहे, म्हणजे तिथे आरक्षण असणारच. वस्तुस्थिती वेगळी आहे. १९७५ सालीच केंद्र सरकारने एक कार्यालयीन ज्ञापन काढून संशोधन करणारी, संशोधनाला दिशा देणारी वैज्ञानिक व तांत्रिक पदे, गट ‘अ’ची सर्वांत खालची पायरी सोडून, आरक्षणातून वगळली. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने आमच्या ओबीसी बांधवांचे २७ टक्के मान्य केले, म्हणून आपण तो निकाल साजरा करतो. पण त्याच निकालात संशोधन संस्थांतील तांत्रिक पदे, वैद्यकातील अतिविशेष शाखा अशा ठिकाणी आरक्षण इष्ट नाही, असे मतही नोंदवलेले आहे. पुढे १९९८ साली चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेच्या प्रकरणात घटनापीठाने सांगितले की एकाकी पदाला आरक्षण देता येत नाही, चक्राकार पद्धतीनेही नाही. कारण एकच पद राखीव करणे म्हणजे शंभर टक्के आरक्षण. २०१३ मध्ये एम्सच्या अध्यापक संघटनेच्या प्रकरणात अतिविशेष पदांचा मुद्दा पुन्हा आला, आणि २०१४ च्या जानेवारीत न्यायालयाने तो सरकारवर सोपवला. २०१९ साली केंद्रीय शिक्षणसंस्थांतील अध्यापक संवर्गाच्या आरक्षणाचा कायदा झाला. रोस्टरच्या लढ्यातून मिळालेला तो विजय होता, रस्त्यावर उतरलेल्या माणसांचा विजय होता. पण त्याच कायद्याचे परिशिष्ट काढून वाचा. होमी भाभा राष्ट्रीय संस्था व तिच्या घटक संस्था, त्यात मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटरही आले, टीआयएफआर, मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बंगळूरचे जवाहरलाल नेहरू केंद्र या सगळ्यांना त्यातून सूट आहे. जैववैद्यक संशोधन जिथे सर्वांत उंचावर चालते, नेमक्या तिथे.

पोस्ट-डॉक तर या सगळ्यांच्या आणखी पलीकडे. ती फेलोशिप आहे, नोकरी नव्हे, म्हणून बिंदुनामावली लागू नाही. बरे, नोकरी म्हणा, तर एका प्रकल्पात एकच जागा, म्हणजे एकाकी पद. म्हणून बिंदुनामावली लागू नाही. दोन्हीकडून दार बंद. ४५ दिवस किंवा त्याहून अधिक काळ चालणाऱ्या तात्पुरत्या नेमणुकांतही आरक्षण द्यावे, असे केंद्राचे जुने आदेश आहेत आणि २०१८ व २०२२ साली ते पुन्हा बजावले गेले. प्रकल्पातील जागा दोन-दोन, तीन-तीन वर्षांच्या असतात. एखाद्या मोठ्या संस्थेत अशा पन्नास जागा असतील तर त्या पन्नास निरनिराळ्या एकाकी जागा कशा? त्या एकत्र मोजून संस्थेच्या पातळीवर रोस्टर का लावू नये? हा प्रश्न आमच्या मते न्यायालयात जाण्याजोगा आहे. पण खटला दहा वर्षे चालेल आणि त्या दहा वर्षांत आजच्या पोराचे वय निघून जाईल. म्हणून न्यायालय एका बाजूला, आणि आज जे हातात आहे ते दुसऱ्या बाजूला.

हातात काय आहे? आपल्या देशात पूर्वी एसईआरबी या मंडळाकडून राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप मिळत असे. २०२४ पासून त्या मंडळाची जागा अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाने घेतली आहे. वयोमर्यादा ३५, आणि अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी व महिलांना पाच वर्षांची सवलत. सीएसआयआर, जैवतंत्रज्ञान विभाग, आयसीएमआर यांच्या आपापल्या योजना आहेत. प्रकल्पातील रिसर्च असोसिएटला २०२३ साली ठरलेल्या दरांनुसार दरमहा ५८,००० ते ६७,००० रुपये आणि घरभाडे मिळते. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या आमच्या पोराने हा आकडा दोनदा वाचावा. जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांनी मिळून चालवलेल्या ‘इंडिया अलायन्स’च्या फेलोशिप तर पाच वर्षांच्या असतात, रक्कमही मोठी, त्या कार्यक्रमाचा तिसरा टप्पा केंद्राने ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर केला आहे. यूजीसीने एकेकाळी केवळ अनुसूचित जाती-जमातींसाठी दरसाल १०० पोस्ट-डॉक्टरल फेलोशिपची योजना चालवली होती. आमच्या किती महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर तिचे पत्रक लागले होते, हे प्राचार्यांनाच विचारावे.

परदेशाचे म्हणाल तर अमेरिकेचे वारे सध्या चांगले नाही. २०२५ मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या कितीतरी संशोधन अनुदानांवर गदा आली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादले गेले. पोस्ट-डॉक बहुधा जे-१ व्हिसावर जातात, त्याला ते शुल्क नाही. पण जे-१ वर गेलेल्या काहींना, विशेषतः सरकारी पैशावर गेलेल्यांना, परत येऊन दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते. सही करण्यापूर्वी ती वाचावी. वकील म्हणून आणखी एक सांगतो. ज्या विद्यापीठात जाल त्याच्या भेदभावविरोधी धोरणात ‘जात’ हा शब्द आहे का, तेही पाहावे. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये, कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने २०२२ मध्ये तो घातला. आंबेडकरवादी माणसांनी तिथे केलेल्या चळवळीचे ते फळ आहे. परदेशात गेलो म्हणजे जात सुटली असे नव्हे. प्रयोगशाळेचा प्रमुख भारतीय निघाला तर ती विमानतळावरच भेटायला येते.

युरोपकडे आमच्या पोरांचे लक्षच नाही. मारी क्युरीच्या नावाची युरोपीय संघाची फेलोशिप कोणत्याही देशाच्या नागरिकाला खुली आहे. जर्मनीची हम्बोल्ट फेलोशिप आहे. २०१६ पासून भारत युरोपीय आण्विक जीवशास्त्र परिषदेचा सहयोगी सदस्य असल्यामुळे एम्बो या संघटनेच्या फेलोशिपलाही भारतीयांना अर्ज करता येतो. पण इथे एक मेख आहे, आणि ती आमच्याच पोरांना लागते. या सगळ्यांचे घड्याळ पीएच.डी.च्या तारखेपासून सुरू होते. एम्बोला पीएच.डी. होऊन दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, हम्बोल्टला चार वर्षांच्या आत, अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरूलाही चारच. मारी क्युरी त्या मानाने दयाळू, तिथे संशोधनाचा आठ वर्षांपर्यंतचा अनुभव चालतो. ज्याच्या घरी बाप प्राध्यापक आहे त्याला हे घड्याळ पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षीच दिसते. आमचा पोरगा डॉक्टरेट झाल्यावर आधी बहिणीचे लग्न करतो, घरावर स्लॅब टाकतो, तीन वर्षे तासिकेवर घालवतो, आणि मग कुणाकडून तरी ऐकतो की अशी एक फेलोशिप असते. तोवर घड्याळ थांबलेले असते.

आता सरकारकडे वळू. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती ही महाराष्ट्राची चांगली योजना आहे, अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांना ती दरवर्षी मिळते. पण ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या १२५ जागा आहेत. त्याही पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठीच. गंमत पाहा, आदिवासी कार्य मंत्रालय याच नावाची योजना अनुसूचित जमातींसाठी चालवते, जागा अवघ्या २०, पण त्यात पोस्ट-डॉक्टरल संशोधनाचा समावेश आहे. एकाच सरकारची दोन मंत्रालये, एकाच नावाच्या दोन योजना. आदिवासी बांधवांना जे मिळते त्याबद्दल आम्हाला आनंदच आहे. आमचा प्रश्न एवढाच, की अनुसूचित जातीचा माणूस पीएच.डी.च्या पुढे जाणारच नाही असे गृहीत कुणी धरले? बार्टीच्या फेलोशिपसाठी आमच्या संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानात बसावे लागले, आणि तीही पीएच.डी.पुरतीच. पुढच्या टप्प्याची मागणी आम्हीच अजून कधी ठामपणे केलेली नाही. हा दोष सरकारइतकाच आमचा आहे.

बाबासाहेबांनी ती चूक केली नव्हती. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन दिले, त्यात शिक्षणाचा भाग आवर्जून वाचावा. नुसत्या कला आणि कायद्याच्या शिक्षणाने अस्पृश्यांचे फारसे भले होणार नाही, त्यांना प्रगत विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे शिक्षण हवे, आणि ते त्यांच्या ऐपतीबाहेरचे असल्याने सरकारने द्यावे, असा त्यांचा युक्तिवाद होता. देशातील विज्ञान-तंत्रज्ञान शिक्षणासाठी दरसाल दोन लाख आणि परदेशातील शिक्षणासाठी दरसाल एक लाख रुपये, अशी नेमकी मागणी त्यांनी केली होती. स्वतः अर्थशास्त्र आणि कायद्यात जगातल्या मोठ्या पदव्या मिळवलेला माणूस हे लिहितो! आम्ही मात्र पुढची ऐंशी वर्षे कायदा आणि कला यांचीच वाट तुडवली. आमचे स्वतःचेच उदाहरण आहे, तेव्हा जास्त बोलत नाही.

आणि विज्ञानात आमचा माणूस का हवा? केवळ जागा भरायला नव्हे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात पंचविशीतल्या भीमरावांनी भारतातील जातींवर जो निबंध वाचला, त्याचे सार असे की जातीचा गाभा म्हणजे सजातीय विवाह. जवळजवळ शंभर वर्षांनी, २०१३ मध्ये, हैदराबादच्या सीसीएमबी आणि हार्वर्डच्या संशोधकांनी जनुकांच्या अभ्यासातून दाखवले की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीपर्यंत या देशातले लोक एकमेकांत मिसळत होते आणि नंतर ते मिसळणे थांबले. २०१६ मध्ये पश्चिम बंगालातील कल्याणीच्या राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकविज्ञान संस्थेने ते थांबून साधारण सत्तर पिढ्या झाल्याचे सांगितले, आणि वरच्या जातींत ते एकाएकी थांबल्याचे. जात रक्तात असते असा याचा अर्थ नव्हे. वंशाचा सिद्धांत बाबासाहेबांनी १९३६ सालीच मोडीत काढला होता. अर्थ असा, की माणसांनी घातलेली बंदी पिढ्यान्पिढ्या चालली की तिचा वण शरीरावर उरतो. हा अभ्यास संगणकावर झाला. हजारो माणसांच्या जनुकांची अक्षरे, आणि त्यातून इतिहास वाचणारे गणित.

या कामाला कोट्यवधींचे यंत्र प्रत्येकाच्या घरी लागत नाही, ही संगणकीय जीवशास्त्राची आमच्या दृष्टीने मोठी सोय आहे. जगभरची जनुकांची आणि प्रथिनांची माहिती खुली पडली आहे. जीनोम इंडिया प्रकल्पातील दहा हजार भारतीयांच्या जनुकांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली, ती फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रात ठेवली आहे. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल प्रथिनांचा आकार संगणकाने ओळखणाऱ्यांना मिळाले. पुणे विद्यापीठात बायोइन्फॉर्मेटिक्सचे केंद्र १९८७ पासून आहे, म्हणजे हा विषय आपल्या दारात चाळीस वर्षे उभा आहे. अर्थात लॅपटॉप घेतला की शास्त्रज्ञ झाला, अशी जाहिरात करणाऱ्या क्लासवाल्यांपासून सावध राहावे. मार्गदर्शक लागतो, संख्याशास्त्र लागते, इंग्रजी लागते.

भारतातला सिकलसेल सौम्य असतो, असे बरीच वर्षे पुस्तकांत लिहिले जात होते. नागपूरच्या डॉक्टरांनी मुलांवर केलेल्या कामातून दिसले की विदर्भातल्या लेकरांचे हाल सौम्य म्हणावेत असे नाहीत. आमच्या आयांना हे पुस्तकाआधी ठाऊक होते. रात्रभर सांधे दाबत बसणाऱ्या त्याच. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले, सात कोटी लोकांची तपासणी करून २०४७ पर्यंत आजार हटवण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. भर आदिवासी भागांवर आहे, आणि तो योग्यच आहे. पण नागपूर-भंडारा-चंद्रपूरच्या बौद्ध वस्त्यांचे काय, हा प्रश्न अभियानाचा आराखडा करणाऱ्या टेबलावर विचारायला आमचे कोण बसले होते? २०२३ च्या अखेरीस ब्रिटन-अमेरिकेने सिकलसेलवरच्या पहिल्या जनुक-दुरुस्ती उपचाराला मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेत स्वस्त देशी उपचारावर काम चालू आहे. अशा प्रयोगशाळांत पोस्ट-डॉक म्हणून आमची मुलगी, आमचा मुलगा का नसावा?

पोस्ट-डॉक म्हणजे स्वर्ग, असे आम्ही म्हणत नाही. ती कंत्राटी मजुरीच आहे, फक्त पांढऱ्या कोटातली. निवृत्तिवेतन नाही, मुदत संपली की पुन्हा शोध, प्रमुखाची मर्जी सांभाळणे आले. घरात एकटा कमावता असेल, आई-वडील थकलेले असतील आणि शासकीय नोकरीचा आदेश हातात असेल, तर त्याने नोकरीच घ्यावी; त्याला कुणी चळवळीचा द्रोही म्हणू नये. पण नोकरीही नाही आणि पोस्ट-डॉकही नाही, नुसती तासिका, असे जिथे चालले आहे तिथे आई-वडिलांनी ‘अजून किती शिकणार?’ हा प्रश्न विचारू नये. हे शिकणे नव्हे, हा पगाराचा धंदा आहे, असे त्यांना समजावून सांगण्याचे काम कार्यकर्त्यांचे.

आमच्या त्या तरुणाचे पुढे काय झाले ते सांगतो. त्याने साठावर पत्रे पाठवली. प्रत्येक पत्र वेगळे, समोरच्याचे दोन निबंध वाचून लिहिलेले. नागपूरच्याच एका आंबेडकरवादी भगिनीने, जी स्वतः परदेशात संशोधक आहे, त्याची पहिली दहा पत्रे तपासून दिली आणि तीन वेळा परत पाठवली. उत्तरे आली सात, मुलाखती झाल्या दोन, आणि जर्मनीतल्या एका विद्यापीठाने दोन वर्षांची नेमणूक दिली, तिथल्या सरकारी वेतनश्रेणीत. मग नवेच संकट. पगार पहिल्या महिन्याच्या शेवटी मिळणार. त्याआधी विमानाचे तिकीट, व्हिसा, विमा, घरमालकाची तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत. एकूण तीन लाखांच्या आसपास. शिष्यवृत्ती लागू नाही. बँक म्हणाली, हा अभ्यासक्रम नाही, शैक्षणिक कर्ज कसे देऊ? शेवटी विहारात येणाऱ्या आठ कर्मचाऱ्यांनी आपल्या पतसंस्थेतून कर्जे काढली आणि त्याला हातउसने दिले. त्याने ते सहा महिन्यांत फेडले. आता त्यातलेच पाच जण पुढच्या पोरासाठी तयार आहेत.

वर्ध्याची नालंदा अकॅडमी, विदर्भातले एकलव्य, उत्तर अमेरिकेतील आंबेडकर असोसिएशन, अशी काही मंडळी पदवी आणि पदव्युत्तर प्रवेशासाठी मनापासून राबत आहेत. पीएच.डी.च्या पुढच्या पोरांसाठी शिफारसपत्रे, मुलाखतीची तालीम, संशोधन-प्रस्ताव वाचून देणे, हे काम आमच्यातले जे शास्त्रज्ञ आहेत त्यांनीच करायचे आहे. ते आहेत, थोडे आहेत, आणि काही जण आडनाव बदलून गप्प आहेत. त्यांच्यावर आम्ही रागावत नाही. निळा झेंडा हातात घेऊ नका, पण महिन्यातून एक प्रस्ताव तपासून द्या, एवढे मागणे त्यांच्याकडे आहे.

सरकारकडे द्यायच्या निवेदनाचा मसुदा आम्ही तयार केला आहे. राज्याच्या परदेश शिष्यवृत्तीत पोस्ट-डॉक्टरल संशोधनासाठी निदान दहा जागा, केंद्राच्या योजनेत आदिवासी मंत्रालयाप्रमाणेच तरतूद, आणि नेमणूकपत्र हातात असलेल्या उमेदवाराला प्रवास व अनामतीसाठी बिनव्याजी उचल. सोबत माहिती अधिकाराचा एक नमुना अर्ज आहे: गेल्या पाच वर्षांत किती पोस्ट-डॉक व रिसर्च असोसिएट नेमले, जाहिरात कुठे दिली, प्रवर्गनिहाय अर्ज किती आले, निवड किती झाली. तालुका-तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या जवळच्या संशोधन संस्थेत तो टाकावा, शुल्क दहा रुपये आहे. आणि ज्यांच्या पीएच.डी.ची अधिसूचना गेल्या दोन वर्षांत निघाली आहे त्यांनी आधी तिच्यावरची तारीख पाहावी, आपला सर्वांत चांगला शोधनिबंध आणि गाईडखेरीज आपले काम ओळखणाऱ्या दोन माणसांची नावे कागदावर लिहावीत, आणि मग येत्या रविवारी विहारात सकाळच्या वंदनेनंतर आम्हाला भेटावे.